१३३ किलो बेदाणा

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माणसाला नातेवाईक दोनच प्रसंगी मनापासून फोन करतात. प्रिंटर चालत नसला की, आणि घरातलं कुणी बारावी झालं की. दुसऱ्या प्रकारच्या फोनला माझं उत्तर पाठ आहे: १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, गेल्या दोन वर्षांतला प्रोसेसर, पाठीवर पेलवेल इतकं वजन, आणि ज्याच्या कीबोर्डखाली सात रंगांचे दिवे लागतात असलं काही नको. दोन मिनिटांत फोन संपतो. ‘बरं झालं तुला विचारलं’ असं म्हणून लोक तिसऱ्याच कुणाचं तरी ऐकून चौथाच लॅपटॉप घेतात, तो भाग वेगळा.

मामेबहिणीच्या वेळी मात्र हा फोन दोन आठवडे चालला. ती तासगावची. पुण्यात ई अँड टीसीला नंबर लागेल अशी चिन्हं होती, कॅपचे राउंड सुरू होते, आणि तिचं आधीच ठरलेलं होतं. “ताई, मला तो उलटा होणारा पाहिजे. पेनवाला.”

म्हणजे टू-इन-वन. कन्व्हर्टिबल. ज्याची स्क्रीन बिजागरीवर पूर्ण ३६० अंश मागे फिरते आणि लॅपटॉपची पाटी होते.

मग मामांनी फोन घेतला. “अगं, उलटा होऊन करतोय काय त्यो?”

प्रश्न रास्त होता. साधा, चांगला, चार वर्षं टिकेल असा लॅपटॉप तेव्हा ५८ हजारांत येत होता. त्याच ताकदीचा, पण फिरणारा आणि पेनवाला, ७८ हजारांना. फरक २० हजारांचा. मामांची द्राक्षबाग आहे आणि त्यातली बरीचशी द्राक्षं बेदाण्याला जातात, त्यामुळे घरात कुठल्याही रकमेचं रूपांतर बेदाण्यात होतं. दीडशेचा दर धरला तर २० हजार म्हणजे १३३ किलो बेदाणा. एक किलो बेदाण्याला साधारण चार किलो द्राक्षं लागतात, म्हणजे अर्धा टनाच्या वर माल. औषधं, मजुरी, शेडचं भाडं यातलं काहीही वजा न करता. आणि त्या वर्षी माल शेडवर असताना पाऊस झाला होता. “एवढं त्या बिजागरीचं?” मामांनी विचारलं.

मी म्हटलं, मामा, मला दोन आठवडे द्या.

टीममधला एकजण ऑनसाइट चालला होता. त्याच्याकडे अशातलंच एक मशीन होतं, १४ इंची. ते मागून घेतलं, आणि वर्क फ्रॉम होम टाकून तासगावला गेले. दिवसा माझं काम, संध्याकाळी आमची परीक्षा. लॅपटॉपची.

थोडा इतिहास सांगते, कारण ही कल्पना नवी नाही आणि ती विकणाऱ्यांचा उत्साहही नवा नाही. २००१च्या नोव्हेंबरात लास वेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांनी भाकीत केलं होतं की पाच वर्षांत टॅब्लेट पीसी हाच अमेरिकेत सर्वाधिक विकला जाणारा पीसी असेल. पुढच्याच वर्षी विंडोज एक्सपीची खास टॅब्लेट आवृत्ती आली, स्क्रीन गर्रकन फिरवून कीबोर्डवर झोपवायची मशीन्स आली. जड, महाग, आणि बोटाने नाही तर फक्त पेनाने चालणारी. पाच वर्षं उलटली, तसं काही झालं नाही. मग २०१२मध्ये विंडोज ८च्या बरोबर लेनोव्होचा योगा आला आणि ती ३६० अंशांची बिजागरी रूढ झाली. आपल्याकडे मधल्या काळात, २०११च्या ऑक्टोबरात, ‘आकाश’ आला. विद्यार्थ्यांसाठी स्वस्त टॅब्लेट, सात इंची स्क्रीन, २५६ एमबी रॅम. मी तेव्हा शाळेत होते आणि आता आपल्याला प्रत्येकाला एकेक मिळणार अशी वर्गात जोरदार चर्चा होती. मला काही मिळाला नाही. त्याची स्क्रीन रेझिस्टिव्ह होती, म्हणजे स्पर्शाला नाही तर दाबाला दाद देणारी. पहिल्या मोबाईलवर नखाने टाइप केलेल्यांना कळेल मी काय म्हणते ते. असो.

पहिले दोन दिवस मामेबहिणीने पेनाचे रंग निवडण्यात घालवले. मी काही बोलले नाही. नवीन वहीवर नाव घालायलाही आपण तेवढाच वेळ लावायचो.

तिसऱ्या दिवशी तिला बारावीचं गणिताचं पुस्तक काढायला लावलं. इंटिग्रेशन बाय पार्ट्सची दहा गणितं वहीत, दहा स्क्रीनवर. मी बाजूला ऑफिसच्या कॉलवर म्यूट करून बसले होते आणि तिच्या हाताकडे बघत होते.

ती डावरी आहे. हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण ती लिहिताना शेजारी बसून नीट कधी पाहिलं नव्हतं. देवनागरी काय, इंग्रजी काय, दोन्ही डावीकडून उजवीकडे चालतात. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा हात कोऱ्या कागदावरून पुढे सरकतो. डाव्याचा हात आत्ताच लिहिलेल्या ओल्या अक्षरांवरून जातो. ते टाळायला ती मनगट वरून वाकवून, आकड्यासारखा हात करून लिहिते. तरी करंगळीखालची कड निळी होतेच. तिच्या बारावीच्या वह्या मी चाळल्या. प्रत्येक पानावर डावीकडून उजवीकडे एक पुसट निळा पट्टा होता, झाडू मारल्यासारखा. जेल पेन तिने आठवीतच सोडलं होतं. शिसपेन्सिलीने केलेल्या आकृत्या तर नुसत्या राखाडी.

मला तिने हे कारण कधीच सांगितलं नव्हतं. “पीडीएफवर लिहिता येतं” आणि “वह्या कमी होतील” एवढंच सांगितलं होतं. मामांनाही तेवढंच.

स्क्रीनवरची पहिली तीन गणितं वाईट गेली. पान सारखं सरकायचं, मध्येच मोठं व्हायचं. याचं कारण तिचा तो आकडा. पेन स्क्रीनच्या अगदी जवळ आलं की मशीनला कळतं की आता लिहिणं सुरू आहे, तळहाताकडे दुर्लक्ष करायचं. पण तिचा हात वरून येत असल्यामुळे तळहात आधी टेकायचा आणि पेन नंतर. मशीनच्या मते ते बोट. विंडोजच्या सेटिंगमध्ये पेनाच्या पानावर दोन गोष्टी असतात: तुम्ही कुठल्या हाताने लिहिता ते सांगायची, आणि पेन वापरात असताना स्पर्शाकडे दुर्लक्ष करायची. दोन्ही केल्या, शिवाय लिहायच्या ॲपमध्ये बोटाने रेघ उमटणं बंद केलं. मग पान जागेवर राहिलं.

आठव्या गणितापर्यंत आणखी एक गोष्ट घडली. ती तिच्या लक्षात आली नाही, माझ्या आली. तिचं मनगट सरळ झालं होतं. शाई पुसली जाणारच नाही म्हटल्यावर हात वरून आणायची गरजच नव्हती. तो ओळीच्या खालून, आरामात चालला होता.

आता पेनाबद्दल, कारण दुकानात याबद्दल कुणी धड सांगत नाही. पेन दोन जातींचे असतात. वॅकॉमच्या एका पद्धतीत स्क्रीनखालचा थर चुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि पेन त्यातूनच ऊर्जा घेतं, त्यामुळे पेनात सेल लागत नाही. सॅमसंगचं एस पेन याच जातीचं. पण बहुतेक कन्व्हर्टिबल लॅपटॉपमध्ये दुसरी जात असते आणि त्या पेनाला स्वतःची वीज लागते. काही चार्ज होतात. काहींना सेल लागतो, आणि तो ट्रिपल ए नाही, त्याहून बारीक, क्वाड्रुपल ए. तासगावच्या चार दुकानांत मी तो मागितला. एकाने मला रिमोटचा दिला, एकाने घड्याळाचा, आणि तिसरा म्हणाला, “असला सेल नसतोय ताई.”

पेन तपासायची सोपी रीत: पेंट उघडा, स्क्रीनवर पट्टी तिरकी ठेवा आणि तिच्या कडेने अतिशय सावकाश रेघ ओढा. भराभर ओढली तर कुठलंही पेन सरळच चालतं. सावकाश ओढल्यावर रेघ नागमोडी आली तर सर्किटच्या आकृत्या काढताना रोज डोकं फिरणार. आमच्याकडच्या मशीनवर किंचित लाटा येत होत्या. अक्षरात जाणवत नव्हत्या, रेझिस्टरच्या दातऱ्यांत जाणवत होत्या.

स्क्रीनच्या आकाराबद्दलही जरा थांबते. १४ इंच हा आकडा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा, त्यातून पानाचा अंदाज येत नाही. १६:१० प्रमाणाची १४ इंची स्क्रीन उभी धरली तर साधारण ३० सेंटीमीटर उंच आणि १९ सेंटीमीटरला थोडी कमी रुंद भरते. ए-फोर कागद २९.७ बाय २१. म्हणजे जवळपास तेच पान, समास कापलेलं. जुन्या १६:९ प्रमाणात तीच स्क्रीन १७.४ सेंटीमीटर रुंद होते, आणि मग उभी धरली की किराणा दुकानाच्या बिलावर लिहिल्यासारखं वाटतं. पेन वापरायचं असेल तर हा दीड सेंटीमीटर प्रोसेसरच्या पिढीपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे, असं माझं मत झालं.

वजन बेदाण्याच्या काट्यावर केलं. मशीन १ किलो ५८० ग्रॅम. टॅब्लेट म्हणून हातात धरून उभ्याने लिहायचा विषयच सोडा, पाच मिनिटांत मनगट बोलायला लागतं. हा टेबलावर किंवा बाकावर आडवा ठेवूनच वापरायचा टॅब्लेट आहे. आणि घडी घातल्यावर कीबोर्ड खाली जातो, त्याची बटणं बंद होतात पण बोटांना लागत राहतात. काहीतरी उलटं धरलंय असं सारखं वाटतं. मांडीवर घेतलं की खालून गरम. एसटीत लिहून पाहिलं. तासगाव-सांगली रस्त्यावर कागदावरही लिहिता येत नाही, तेव्हा त्याचे गुण कापले नाहीत.

मग पर्याय मांडले. कुठलाच बिनकामाचा नव्हता, म्हणून मांडावे लागले.

आयपॅड आणि पेन: लिहिण्यात सर्वांत सरस, वजन या मशीनच्या निम्म्याहून कमी. पण ई अँड टीसीच्या लॅबमध्ये मायक्रोकंट्रोलरच्या किट्स येतात, सर्किटची सिम्युलेशन्स येतात, पुढे एफपीजीए. त्यातलं बरंच सॉफ्टवेअर विंडोज धरूनच बनवलेलं असतं. म्हणजे आयपॅड घेतला तरी लॅपटॉप लागणारच. साधा लॅपटॉप आणि त्याला जोडायची स्क्रीन नसलेली पेनाची पाटी: तीन-चार हजारांत काम होतं, पण हात खाली आणि नजर समोर. ती सवय लागायला वेळ लागतो, आणि बाकावर दोन वस्तू मांडायला जागा नसते. तिसरा पर्याय म्हणजे साधा लॅपटॉप आणि वह्या, फोनने स्कॅन करून. मी स्वतः २०१८ला याच पद्धतीने डिग्री घेऊन बाहेर पडले. त्यात मला काही कमी पडलं नाही. पण माझा हात उजवा आहे.

हाताने लिहिलेलं जास्त लक्षात राहतं असं आपण सगळे ठामपणे बोलतो, म्हणून तेही पाहिलं. २०१४मध्ये म्यूलर आणि ओपनहायमर या दोघांचा एक अभ्यास खूप गाजला: लॅपटॉपवर टाइप करणारे विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवतात आणि संकल्पनांच्या प्रश्नांत मागे पडतात. २०१९मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तो प्रयोग पुन्हा केला. त्यात स्क्रीनवर पेनाने लिहिणाऱ्यांचा गट होता, नोट्स अजिबात न घेणाऱ्यांचाही होता. गटांमध्ये भरवशाने सांगता येईल असा फरक आला नाही. २०२१मध्ये आणखी एका पुनरावृत्तीत टाइप करणाऱ्यांनी शब्दशः जास्त उतरवलं, पण गुणांत फरक पडला नाही. तेव्हा ‘पेनामुळे मार्क वाढतील’ असं मी मामांना सांगू शकत नव्हते. विकणारे सांगतात.

आणि एक गोष्ट पेनाच्या थेट विरोधात होती. मामेबहिणीच्या ओळखीची एक मुलगी त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. तिला फोन लावला. जर्नल कागदावर, स्वतःच्या हाताने लिहिलेलं. स्क्रीनवर हाताने लिहून काढलेली प्रिंट चालत नाही, कुणीतरी करून पाहिलंय. असाइनमेंट फाइलला, शीट कागदाची, आणि परीक्षा अर्थातच उत्तरपत्रिकेवर, निळ्या किंवा काळ्या पेनाने. म्हणजे ७८ हजारांचं मशीन घेऊनही ज्या लिहिण्याला मार्क आहेत ते सगळं कागदावरच होणार, आणि त्या कागदावर निळा पट्टा उमटणारच. स्क्रीनवर उरणार होतं ते मार्क नसलेलं लिहिणं: कच्चं काम, वर्गातल्या नोट्स, गणित पाच वेळा चुकवून सहाव्यांदा सोडवणं.

आता, इंजिनीअरिंगमध्ये शिकणं होतं ते बहुतेक याच लिहिण्यात. जर्नल हे लिहिणं नसून उतरवणं आहे, हे जर्नल लिहिलेला कुणीही सांगेल.

शेवटच्या रविवारी मी मामांना हिशेब दिला. बागेत, कारण घरात ती होती. म्हटलं, मामा, अभ्यासक्रमाला ५८चा पुरतो. त्यात काही अडणार नाही. वरचे २० हजार बिजागरीचे नाहीत, तिच्या डाव्या हाताचे आहेत. तिच्या वह्या बघा एकदा. स्क्रीनवर ती हात सरळ ठेवून लिहिते. मार्क वाढतील असं मी म्हणत नाही.

मामा बराच वेळ काडी तपासत राहिले. मग म्हणाले, “लई मारलंय तिला त्या हातावरनं. आईनं मारलं, मास्तरांनी मारलं. जेवताना मी पण मारलंय एकदा.” घरात त्या काळी तडजोड अशी झाली होती की जेवण उजव्या हाताने, लिहिणं डाव्या. ती अजूनही तशीच जेवते. “घे,” मामा म्हणाले. “पण बिजागरी मोडली तर?”

बिजागरी सहसा लवकर मोडत नाही. स्क्रीन फुटते. आणि या प्रकारात काच, स्पर्शाचा थर आणि पॅनल एकत्र चिकटवलेले असतात, त्यामुळे वरची काच गेली तरी सगळंच बदलावं लागतं. म्हणून अपघाती नुकसानीची वॉरंटी वेगळी घेतली. रॅम बोर्डवरच डकवलेली असते, नंतर वाढत नाही, म्हणून १६ जीबीच्या खाली उतरायचं नाही हे आधीच ठरलं होतं. सांगलीच्या दुकानात एक एआरएम प्रोसेसरवालाही होता, बॅटरी दिवसभर पुरणारा, देखणा. मुलगा फार आग्रह करत होता. पण विंडोजमध्ये साध्या प्रोग्रॅमचं भाषांतर करून काम भागतं, कर्नलमध्ये चालणाऱ्या ड्रायव्हरचं भागत नाही, तो एआरएमसाठीच बनवलेला लागतो. लॅबमधल्या दहा वर्षांपूर्वीच्या प्रोग्रॅमर किटसाठी तो कोण बनवणार? त्याला नमस्कार केला. दुकानात मामेबहिणीने पट्टी काढली आणि सावकाश तिरकी रेघ ओढली. दुकानदार बघत राहिला. तिसऱ्या मशीनवर रेघ सरळ आली. ते घेतलं. चार्ज होणाऱ्या पेनाचं.

आता पहिलं सेमिस्टर झालंय. मधूनमधून ती मला पानं पाठवते. एका गणितात तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मध्ये जागा करून तीन ओळी नंतर घातलेल्या असतात. हे कागदावर करता येत नाही, आणि हे तिला कुणी शिकवलेलं नाही. नोट्स एक्सजर्नल++मध्ये असतात, फुकट आहे, आणि सरांच्या पीडीएफवरच लिहिता येतं. वर्गात एका सरांनी पहिल्याच आठवड्यात लॅपटॉप बंद करायला सांगितला, तेव्हा तिने स्क्रीन मागे फिरवली, बाकावर आडवी ठेवली आणि पेन काढलं. सर जवळ येऊन पाहून गेले. काही बोलले नाहीत.

ग्राफिक्सच्या शीटला मात्र मिनी ड्राफ्टर आहेच. तो बोर्डाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात बसतो आणि त्याचा दांडा डाव्या हाताच्या बरोबर आड येतो. तिने पहिल्या शीटनंतर टी-स्क्वेअर घेतला.

आणि हॉस्टेलवर त्या मशीनला सर्वांत जास्त मागणी कशासाठी आहे, तर जीटीसाठी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ग्लास ट्रेसिंग. काचेखाली बल्ब लावायचा, वर मैत्रिणीची शीट, तिच्यावर आपली, आणि गिरवत सुटायचं. आमच्या वेळी खिडकीचं तावदान दोन खुर्च्यांवर आडवं टाकायचो. आता जर्नलमधल्या आकृत्यांसाठी मुली रात्री तिच्या खोलीत येतात, स्क्रीन पूर्ण मागे फिरवतात, कोरं पांढरं पान उघडतात आणि ब्राइटनेस शंभरावर नेतात. कागदाखालूनही स्पर्श कळत असल्यामुळे सुरुवातीला पान सरकायचं. तिने आता जीटीपुरता टचस्क्रीनचा ड्रायव्हरच बंद करायला शिकून घेतलंय. नियम दोन: बॉलपेन चालणार नाही, फक्त एचबी पेन्सिल, हात हलका. आणि सबमिशनच्या आदल्या रात्री नंबर लावून यायचं.

मामांना हे अजून सांगितलेलं नाही. ते फोनवर एवढंच विचारतात, “फिरतंय का अजून?” ती म्हणते, “फिरतंय.”